सगळ्यांच्या डोळ्यांत जून

"दिसायलंय का, का अंदाज मारायलीस?"

असं विचारणाऱ्या अक्कांनी मला वाचवलं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं सांगताना माझा गोंधळ होतो आणि मूळ गोष्ट राहून जाते. कशातून वाचवलं, ते सगळं येईलच. पण नाव आधी त्यांचं. नाव तरी काय, अक्काच. परभणीहून पोखर्णीकडे जाणाऱ्या रस्त्याला एका ट्रस्टचं डोळ्यांचं हॉस्पिटल आहे. तिथं डॉक्टरांपासून वॉचमनपर्यंत सगळे त्यांना अक्काच म्हणत.

अक्का बोलताना तुमच्या तोंडाकडे बघत नसत. तुमच्या कानाच्या जरा पलीकडे बघत. माणूस नवा असला की हमखास मान वळवून मागे बघायचा, आपल्यामागे कोण उभं आहे म्हणून. मीही पहिले पंधरा दिवस वळून बघितलं. मागे भिंत असायची. एकदा पाथरीकडच्या एका म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, "बाई, माझ्या मागं कोण हाय ते सांगा. माझी मालकीण जाऊन दोन महिने झाले." अक्का म्हणाल्या, "कोन्ही न्हाई बाप्पा. समोर बघा. फणीचे दात कुणीकडं हायत?"

फणी म्हणजे तक्त्यावरचं अक्षर. तुमच्यापैकी कुणी गावाकडे डोळे तपासून घेतले असतील तर आठवेल. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकच अक्षर असतं, तीन दात्यांचं, कधी वर तोंड केलेलं, कधी खाली, कधी आडवं. इंग्रजीतला 'ई'. पण आमच्याकडे त्याला कुणी 'ई' म्हणत नाही, फणीच म्हणतात. पेशंटनं हातानं दाखवायचं, दात कुणीकडे. वरची फणी मोठी, खाली खाली बारीक होत जाते. जिथं चुकायला लागतो तिथं अक्का थांबायच्या आणि तो ठरलेला प्रश्न विचारायच्या. लोक अंदाज मारतात हो. डोळ्याच्या बाबतीतसुद्धा मारतात. परीक्षेत नापास व्हायची भीती असते ना, तशी.

तपासणीची खोली अंधारी. भरदुपारी बारा वाजता आत गेलं तरी क्षणभर काही कळत नाही; फक्त तक्त्यावरचा दिवा आणि अक्कांच्या साडीचा निळा काठ. बाहेर व्हरांड्यात डोळ्यांत औषध टाकलेली माणसं ओळीनं बसलेली, डोळे मिटून. आपण चपला वाजवत गेलो की सगळ्यांची तोंडं एकदम आपल्याकडे वळतात. मिटलेल्या डोळ्यांची वीस-पंचवीस तोंडं. मला अजून सवय झालेली नाही.

मी इकडची नाही. माझं माहेर-सासर दोन्ही खाली सिंधुदुर्गात. नवरा रस्त्याच्या कामावर रोलर चालवतो, कंत्राटदारानं त्याला परभणीला आणलं, त्याच्यामागे मी आले. इथं उन्हात दगड तडकतो आणि पाणी टँकरनं येतं हे मला ठाऊक नव्हतं. माझं बोलणं ऐकून लोक हसायचे. अक्का तर मला नावानं कधी हाकच मारत नसत. "ए कोकणी, माका-तुका नंतर कर. आधी आकडे लिव."

आकडे लिहिणं हे माझं काम. मराठी टाइप करणारी बाई हवी होती, मी एका झेरॉक्सच्या दुकानात शिकले होते. मुलाखतीत मॅनेजर साहेबांनी विचारलं, "शिक्षण?" मी म्हटलं, "दहावी." दाखला गावी आहे म्हटलं, आणते म्हटलं. दाखला गावी नव्हता आणि कुठेच नव्हता. मी आठवीत शाळा सोडली. तेव्हापासून रोज सकाळी हॉस्पिटलच्या गेटातून आत शिरताना मी मॅनेजर साहेबांची केबिन टाळून जायची, आज विचारतील म्हणून.

कामाची पद्धत अशी. अक्का दिवसभर नजर तपासायच्या, कागदावर एक अक्षर लिहीत नसत. चारच्या सुमाराला माझ्या टेबलाशेजारी स्टुलावर येऊन बसायच्या आणि सगळं तोंडी सांगायच्या. नाव, गाव, उजवा, डावा. गर्दी असली की चाळीस-चाळीस माणसं, एकही न चुकता. डॉक्टर 'सिक्स-सिक्स्टी' म्हणत, अक्का 'सहा-साठ' म्हणत. मी पहिल्या दिवशी विचारलं, म्हणजे काय?

"वरचा सहा म्हंजे तू बसलीस तिथून तक्त्यापत्तुरचा पल्ला, सहा मीटर. खालचा आकडा म्हंजे तेच अक्षर शाबूत डोळ्याच्या माणसाला कितीवरून दिसंल. सहा-नऊ म्हंजे जरा झाकोळलं. सहा-साठ म्हंजे तुला इथून जे दिसायलंय ते त्याला साठ मीटरवरून दिसतं. लय दूर गेलीस तू."

लय दूर गेलीस. मला ते लागलं. मी खरंच लय दूर आले होते.

महिन्याच्या एक तारखेला पेशंट संपले की अक्का मला अंधाऱ्या खोलीत बोलवायच्या आणि स्वतः पेशंटच्या खुर्चीत बसायच्या. माझ्या हातात सुट्ट्या फण्यांची पुठ्ठ्याची कार्डं द्यायच्या. "तक्ता मला पाठ हाय, त्यात काय मजा न्हाई. तू कार्ड फिरव, कसं बी फिरव. मी सांगते. चुकले की चूक म्हण. भेऊ नको." मला वाटायचं, त्या मला काम शिकवायल्यात. आणि शिकवतही होत्या. कार्ड कसं धरायचं, बोट मध्ये येऊ द्यायचं नाही, बरोबर आलं तरी चेहरा हलू द्यायचा नाही. मी लहान फणी दाखवली की त्या चुकायच्या. मला वाटायचं, मला पारखायला मुद्दाम चुकतात.

त्या दिवशी सगळी नावं सांगून झाली की शेवटी एक ओळ असायची. "नाव राहू दे, आठवंल तवा सांगते. गाव चारठाणा." आणि दोन आकडे. मी लिहून टाकायची. चाळीस ओळींत एक ओळ कोण लक्षात ठेवतो.

स्टाफची यादी भरताना मी त्यांची जन्मतारीख विचारली होती. "एक जून लिव. साल साठ."

"खरी हीच?"

"खरी कुणी बघितली? बापानं हट्टानं शाळंत घातलं, त्याला तारीख ठावं न्हवती. मास्तरनं माझी उंची बघितली, म्हणले साठ सालची असंल, एक जून टाका. आमच्या वर्गात तेवीस लेकरं. समदी एकाच दिवशी जलमली!" असं म्हणून त्या इतक्या हसल्या की खोकला लागला. मग माझ्या कानामागे बघत म्हणाल्या, "माझा जलमच अंदाज हाय. म्हणून बाकीचं काय अंदाजानं करत न्हाई मी."

आणि मग ते नवं सॉफ्टवेअर आलं.

नांदेडहून एक माणूस आला. म्हणाला, तुमचं रजिस्टर भरायचं सॉफ्टवेअर फार जुनं झालंय, नवं टाकतो. दुपारी तीन वाजेपर्यंत त्यानं टाकलंही. जुनं रजिस्टर नव्यात ओतलं, जुनं पुसलं, चहा प्याला आणि गेला. जाताना म्हणाला, "सेटिंग थोड्या बदलतील, मॅडम. सवय होईल."

पहिल्यांदा जाणवली ती पांढरी पडलेली स्क्रीन. जुन्या रजिस्टरच्या रेघा दिसायच्या, ह्याच्या दिसेनात. मग मी एक नाव लिहायला घेतलं, 'स' दाबला, आणि पुढचं नाव आपोआप उमटलं, फिकट अक्षरात. सखूबाई. गाव पोखर्णी. ती सखूबाई गेल्या आठवड्यात वारली होती. तिचा लेक सांगून गेला होता. मी खोडलं. पुन्हा 'स' दाबला. पुन्हा सखूबाई.

मी कीबोर्डवरून हात काढले. तुम्ही म्हणाल, त्यात काय, मशीन आधीची नावं लक्षात ठेवतं. ते आता मलाही कळतं. तेव्हा फक्त एवढं कळलं की मशीनला एक मेलेलं माणूस विसरायचं नाहीये.

मग मी नजरेच्या रकान्यांकडे गेले. तिथं नजर नव्हतीच. तिथं जून होता.

सहा-नऊच्या जागी नऊ जून. सहा-बाराच्या जागी बारा जून. अठरा जून. चोवीस जून. जून ३६. जून ६०. खाली सरकवत गेले, वर सरकवत गेले. उजवा डोळा जून, डावा डोळा जून. पाथरी, पोखर्णी, चारठाणा, सगळ्या गावांच्या सगळ्या माणसांच्या डोळ्यांत जून महिना येऊन बसला होता. एका 'जून ६०'वर क्लिक केलं तर वरच्या पट्टीत पुरी तारीख आली. एक जून, एकोणीसशे साठ. दुसऱ्यावर केलं. एक जून, एकोणीसशे साठ.

घाबरलेल्या माणसानं काहीतरी करायच्या आधी हात मांडीखाली घेऊन बसावं. मी बसले नाही. रकाने निवडले, सेटिंगमध्ये जाऊन तारखेऐवजी 'आकडा' केलं, आणि सेव्ह दाबलं. जून गेला. त्याच्या जागी पाच-पाच आकडे आले. कुणाची नजर पंचेचाळीस हजारांच्या घरात, कुणाची तेरा हजार तीनशे दोन. आणि बावीस हजार अडुसष्ट, बावीस हजार अडुसष्ट, बावीस हजार अडुसष्ट. पुन्हा पुन्हा. मागे जायला गेले, तर मागे जाता येईना.

तो गुरुवार होता. शनिवारी सकाळी मोठ्या हॉस्पिटलची गाडी येणार होती. सहा-साठवर नजर गेलेली माणसं मोतीबिंदूच्या ऑपरेशनला न्यायची, तीस जागा, यादी संध्याकाळपर्यंत. पेशंटचं कार्ड पेशंटच्या घरी, पत्र्याच्या पेटीत. आमच्याकडे होतं ते एवढंच रजिस्टर. यादी चुकली तर एखादी म्हातारी पुढच्या गाडीपर्यंत आंधळी बसणार. आणि मला मॅनेजर साहेब आत बोलावून आधी विचारणार, दहावीचा दाखला आणला का?

मी रडत नव्हते, पण नाक वाहत होतं. तेवढ्यात शेजारी स्टूल सरकलं. अक्का कधी आल्या ते कळलंच नाही. त्या चालताना आवाज होत नसे. एक हात भिंतीला लावून, पावलं मोजल्यासारख्या यायच्या.

"काय झालं गं? श्वास कामून असा घ्यायलीस?"

मी सांगितलं. सगळं, एका दमात, मालवणीत. "अक्का, माझां चुकलां. माका घालवतीत हे."

"कोन घालवतंय? नाक पूस. या महिन्याची किती माणसं हायत?"

"एकशे बारा."

"नाव वाच."

मी स्क्रीनवरून पहिलं नाव वाचलं. अक्कांनी मान जरा तिरकी केली, भिंतीकडे. आणि त्या बोलल्या, पण त्यांच्या आवाजात नाही. एका म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजात: "वरची दिसायली बाई, खालची मुंग्यावानी दिसायलीत." मग स्वतःच्या आवाजात: "उजवा सहा-साठ, डावा सहा-चोवीस."

दुसरं नाव वाचलं. एका भांडकुदळ बाईच्या आवाजात: "किती येळा इचारता वो, सांगितलं ना डावीकडं!" आणि मग: "दोन्ही सहा-अठरा. अंदाज मारत होती."

अशी एकेक माणसं त्या स्टुलावर येऊन बसली. व्हरांड्यातले पेशंट केव्हाच गेले होते. बाहेर लख्ख ऊन, आणि माझ्या टेबलाशेजारी एकाच तोंडातून एकशे बारा माणसं बोलत होती. मधेच एक आवाज ऐकून माझा हात थांबला, कारण तो सखूबाईचा होता. "लेकी, तुजा हात गार लागला बग." मी काही न विचारता लिहीत गेले.

वीसेक नावं झाल्यावर मला दिसलं. अक्का सहा-साठ म्हणाल्या की समोर दर वेळी बावीस हजार अडुसष्टच असायचं. सहा-छत्तीसला तेरा हजार तीनशे दोन. एका नजरेला एकच आकडा. म्हणजे काही हरवलं नव्हतं. मशीननं सहा-साठ वाचलं, त्याला वाटलं ही तारीख असणार, सहावा महिना जून, साल साठ. आणि मी त्या तारखेचा आकडा केला, म्हणजे एकोणीसशे सालापासून मोजलेले दिवस.

मी ओरडलेच. "अक्का, समाजलां! ह्यानं अंदाज मारला. आता सगळं एकदम बदलते, तुम्ही सांगू नका."

"तुला दिसायलंय, का तू बी अंदाज मारायलीस?"

"दिसतंय."

"मग पडताळून बघ. एकशे बारा व्हऊ दे."

आम्ही पुढे गेलो. एकही चुकलं नाही. चाळिसावी ओळ आली तेव्हा मी वाचलं, "नाव नाही. गाव चारठाणा."

अक्कांची तिरकी मान सरळ झाली.

"ते सोड," म्हणाल्या. "फुडचं वाच."

पण सोडता येईना, कारण आता मला आकड्यांची भाषा येत होती. दोन्ही रकान्यांत बावीस हजार अडुसष्ट. त्या बोलल्या नाहीत, पण ओळ बोलली. सहा-साठ, सहा-साठ.

एकशे बारा संपली, अक्का पाणी प्यायला उठल्या, तेव्हा मी मागच्या महिन्यांचेही आकडे बदलले आणि गाव चारठाणा, नाव रिकामं, अशा सगळ्या ओळी एकाखाली एक काढल्या. सहा ओळी निघाल्या. सगळ्या महिन्याच्या एक तारखेच्या. सहा-नऊ. सहा-बारा. सहा-अठरा. सहा-चोवीस. सहा-छत्तीस. सहा-साठ. कुणीतरी एक-एक पायरी अंधारात उतरत चाललं होतं, आणि प्रत्येक पायरी मी माझ्या हातानं टाइप केली होती.

एक तारीख. अंधारी खोली. माझ्या हातातली कार्डं. त्या मुद्दाम चुकत नव्हत्या.

आणि जून साठ. एक जून एकोणीसशे साठ. स्टाफच्या यादीत मीच भरलेली तारीख. मशीननं त्या बिननावाच्या ओळीत अक्कांची जन्मतारीख लिहून ठेवली होती, नावासकट सांगितल्यासारखी. योगायोग आहे, मला कळतं. सहा-साठच्या प्रत्येक ओळीत तीच तारीख होती, हेही कळतं. तरी मी स्टाफची यादी उघडून ती तारीख पुन्हा वाचली.

दार वाजलं नाही, पण मला कळलं त्या परत आल्यात. कानामागे बघत उभ्या होत्या. मी उठले. काय बोलायचं सुचेना, तर त्यांचंच वाक्य तोंडातून गेलं.

"अक्का, तुम्हाला दिसायलंय का... का अंदाज मारायलाव?"

त्या हसल्या. "आता शिकलीस तू आमची बोली."

अक्कांच्या डोळ्यांचा आतला पडदा निकामी होत चालला होता. मोठ्या डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं, इलाज नाही. मधलं जातं, कडेचं राहतं. म्हणून त्या कानापलीकडे बघायच्या. तिकडून आपलं तोंड थोडंफार दिसायचं. तक्ता पाठ, खोली पाठ, पेशंटचा आवाज ऐकून तो बघून बोलतोय की अंदाजानं, हे कळायचं. "माणूस बघून बोलला की लगीच बोलतो. अंदाजवाला आधी श्वास घेतो. त्याला डोळे कशाला लागतेत?"

"मी ओळ पुसते," मी म्हटलं. "कुणाला कळणार नाही."

"खबरदार. दिसलं ते लिवायचं. पुसायचं न्हाई."

यादी छापली. सहा-साठवाले काढले तर एकतीस ओळी निघाल्या, एकीत नाव रिकामं. मॅनेजर साहेबांनी बोट ठेवलं. "जागा तीस आहेत. हे कोण?"

मला वाटलं, म्हणावं चुकून पडलेली ओळ आहे. मी श्वास घेतला. अक्कांना तो ऐकू गेला असणार, कारण त्या दारातूनच म्हणाल्या, "ती मी हाय साहेब. मला गाडीत जागा नको, त्यात फायदा न्हाई. पर खुर्चीवर बी आता बसत न्हाई मी. न दिसणाऱ्या माणसानं दुसऱ्याची नजर तपासू न्हाई."

साहेब उभे राहिले. पंधरा वर्षं ओळखत होते ते अक्कांना. "मग तुमच्या जागी कोण?"

"ही कोकणी. सहा महिने शिकवलंय मी. हिची दहावी झालेली न्हाई, आठवीच हाय. खोटं बोलली, पोटासाठी बोलली. पर काम करताना अंदाज मारत न्हाई."

अक्कांना कधीपासून माहीत होतं? नंतर विचारलं तर म्हणाल्या, "पैल्याच दिवशी. दाखला म्हणलं की तुझा श्वास अडकतो."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं, यादीकडे बघितलं. "यादी कुणी दुरुस्त केली?"

"हिनंच. मी निस्ती बोलले."

साहेब म्हणाले, "बाहेरून दहावीचा फॉर्म भरायचा. या वर्षीच. तोवर खुर्चीवर बस, डॉक्टर दर पेशंट पडताळतील." एवढंच. माझ्या छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. स्वतःची जागा देऊन ठेवला.

शनिवारी गाडी आली. तीस जण चढले. अक्का एकेकाला हात लावून आवाजावरून ओळखून नाव घेत होत्या. गाडी गेली, धूळ बसली, मी वळले तर त्या नव्हत्या. वॉचमन म्हणाला, भिंतीला हात लावून गेटापर्यंत गेल्या, मग भिंत संपली तरी तशाच चालत गेल्या. जिंतूरच्या जीपमध्ये बसल्या म्हणे. फोन बंद. त्यांचं कुणी जवळचं नव्हतं, होतं ते चारठाण्याचं एक पडकं घर.

मी खुर्चीवर बसते आता. अंधाऱ्या खोलीत दिवा लावून फणी दाखवते. दुपारी एखाद वेळेस पेशंट माझ्याकडे बघायचा सोडून माझ्या मागे बघतो. मी वळत नाही.

पावसाळा संपताना चारठाण्याहून एक शेळ्या राखणारी बाई आली. मी कार्ड उचललं, तर म्हणाली, "उजवा सहा-साठ, डावा सहा-छत्तीस. बाईनं सांगून धाडलंय."

"कुठली बाई?"

"देवळातली. पायरीवर बसती. आमाला लांब हुबं करती आन् इचारती, त्या खांबावर काय दिसायलंय? कोरलेल्या नाचणारीच्या हातात काय हाय? तिच्या पायाची बोटं मोज. तिला सोताला दिसत न्हाई, पर लहानपणापून हात फिरवून समदे खांब पाठ हायत म्हणती. आन् लय वरडती, अंदाज मारला की."

मी तपासलं. उजवा सहा-साठ. डावा सहा-छत्तीस.

त्यानंतर दर महिन्याला दोन-तीन जण येतात. प्रत्येकाची नजर तोंडी पाठवलेली असते. अजून एकही चुकलेली नाही. रजिस्टरमध्ये गाव लिहायला 'चा' दाबलं की ते फिकट अक्षरात आपोआप उमटतं, चारठाणा. मी ते खोडत नाही. आधी मशीनला वाटायचं म्हणून उमटायचं, आता खरंच असतं.

मी अजून गेले नाही तिथं. जिंतूरच्या जीपपर्यंत दोनदा जाऊन परत आले. दहावीचा निकाल लागू दे म्हणते, पण ते निमित्त आहे. खरं म्हणजे भीती वाटते, माझा श्वास ऐकून त्यांना काय काय कळेल.

पण जाणार. एक जूनला जाणार, तेवीस लेकरांच्या वाढदिवसाला. पायरीवर त्यांच्या शेजारी बसणार आणि तो खांब वरून खालपर्यंत सांगणार, नाचणारीच्या हातात काय, तिच्या पायाची बोटं किती, हात फिरवून ज्या सापडत नाहीत त्या दगडावरच्या सावल्यासुद्धा. हळूहळू, एकही अंदाज न मारता, अक्कांना पुरा दिसेपर्यंत. ज्या नजरेनं मला उभं केलं तिची एवढी तरी फेड मी एक दिवस करीन. नक्की करीन, अक्का. हे श्वास न घेता लिहिलंय.